लोकरीतला बॅकअप

एखाद्या गावाचं वर्षभराचं तापमान साठवायला किती जागा लागते? शनिवार आहे, तर थोडं गणित करू. रोजचं फक्त कमाल तापमान घ्यायचं आणि ते ३२ कप्प्यांपैकी एकात टाकायचं. म्हणजे दिवसाला ५ बिट्स. ३६५ दिवसांचे १८२५ बिट्स, म्हणजे सुमारे २२८ बाइट्स. दोन एसेमेसमध्ये अख्खं वर्ष मावतं, वर थोडी जागा उरते!

आणि तरीही जगात बरीच मंडळी एवढ्याशा डेटासाठी वर्षभर सुया घेऊन बसतात. याला म्हणतात टेंपरेचर ब्लँकेट. प्रकार सोपा आहे. आधी रंगांचा तक्ता ठरवायचा: अमुक ते अमुक अंश निळा, त्यावर हिरवा, मग पिवळा, केशरी, लाल. मग रोज तापमान बघायचं, त्या रंगाचा लोकरीचा गुंडा काढायचा आणि एक-दोन ओळी विणायच्या. ३१ डिसेंबरला वर्ष संपतं आणि पांघरूण तयार होतं.

आता कोणी म्हणेल, हा रिकामपणचा उद्योग. पण याचा इतिहास मजेशीर आहे.

अमेरिकेत ली रेडमंड या बाईंनी रोजच्या आकाशाच्या रंगाप्रमाणे स्कार्फ विणायची कल्पना काढली. त्यावरून सुचून जॉर्जिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ जोन शेल्डन यांनी २०१५ मध्ये ४०० ओळींचा स्कार्फ केला. त्यात आकाशाऐवजी पृथ्वीचं तापमान होतं. तिकडे इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी जून २०१७ मध्ये क्रोशाचं एक ब्लँकेट पूर्ण केलं. त्यात १९१६ ते २०१६ या काळातलं जगाचं सरासरी तापमान होतं. त्यांच्याच विद्यापीठातले एड हॉकिन्स यांनी त्यांना रंगांचा जास्त उठावदार तक्ता सुचवला. पुढे २२ मे २०१८ रोजी याच हॉकिन्सनी निळ्या-लाल पट्ट्यांचं ते प्रसिद्ध चित्र प्रकाशित केलं: एक पट्टी म्हणजे एक वर्ष, ना आकडे ना अक्षरं. ‘वॉर्मिंग स्ट्राइप्स’ या नावाने ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. थोडक्यात काय, तर डेटा व्हिज्युअलायझेशनमधल्या एका गाजलेल्या चित्राची सख्खी बहीण लोकरीची आहे.

दुसरा धागा जास्त गंभीर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्रंप निवडून आले आणि नवं सरकार हवामानाचा डेटा सरकारी वेबसाइट्सवरून काढून टाकेल अशी भीती अनेकांना वाटली. शास्त्रज्ञ आणि प्रोग्रामर एकत्र बसून धडाधड डेटा दुसऱ्या सर्व्हर्सवर उतरवू लागले. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅनाकॉर्टेस गावी एमिली मॅक्नील आणि तिच्या दोस्तांमध्ये गमतीत विषय निघाला की डेटा टिकवायचा तर मातीच्या विटा नाहीतर विणलेले पडदेच बरे. त्या गमतीतून २०१७ मध्ये ‘टेंपेस्ट्री प्रोजेक्ट’ उभा राहिला. टेंपरेचर अधिक टॅपेस्ट्री. जागा आणि वर्ष तुम्ही निवडायचं, पण रंग ३२च आणि ठरलेले. दर ५ अंश फॅरनहाइटला रंग बदलतो. खाली जानेवारी, वर डिसेंबर.

इंजिनिअरला इथे खरी गोम कळते. रंगांचा तक्ता म्हणजे स्कीमा. प्रत्येकाने आपापल्या आवडीचे रंग घेतले तर शंभर सुंदर चादरी होतील, पण एकीची दुसरीशी तुलना होणार नाही. शिवाय तक्ता ठरवताना वरची मर्यादा कुठे ठेवायची? २०१९ मध्ये ब्रिटनचा उच्चांक ३८.७ अंश सेल्सिअस होता. तिथेच ज्याने रंग संपवले असते, त्याची १९ जुलै २०२२ला पंचाईत झाली असती. त्या दिवशी पारा ४०.३वर गेला. अ‍ॅरे आउट ऑफ बाउंड्स! दुकानात जाऊन नवा गुंडा आणा.

पण हा खरंच बॅकअप आहे का? खरं सांगायचं तर नाही. ५ अंशांच्या पट्टीतून मूळ आकडा परत मिळत नाही, कसर लागते ती वेगळीच. डेटा वाचतो तो सर्व्हरवरच्या प्रतींमुळे. मग लोकरीत वाचतं काय?

यासाठी थोडं मागे जाऊ. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत नोव्हेंबर १८१३ पासून रोजच्या तापमानाची नोंद अखंड चालू आहे. युद्धं झाली, माणसं बदलली, पण रोज कोणीतरी उठून थर्मामीटर बघितला. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, तिथे १८४१ पासून हवामानाच्या आणि चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरुनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करत होते. काम कंटाळवाणं: ठरल्या वेळी जा, बघा, लिहा. पण याच वेधशाळेत २ सप्टेंबर १८५९ला लिहिलेले चुंबकीय आकडे १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, त्या दिवशीच्या महाप्रचंड सौरवादळाची ताकद मोजायला उपयोगी पडले. लिहिणाऱ्याला याची काय कल्पना असणार?

आणि लिहून ठेवलेलंसुद्धा कोणी वाचलं तरच उपयोग. ब्रिटनमध्ये पावसाच्या हस्तलिखित नोंदींची ६५ हजारांच्या आसपास पानं कपाटात पडून होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली. सुमारे १६ हजार लोकांनी घरबसल्या १६ दिवसांत ५२ लाख आकडे टाइप केले. आकडे होतेच, नव्हते ते बघणारे डोळे.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेने जाहीर केलं की अब्ज डॉलर्सच्या वर नुकसान करणाऱ्या आपत्तींची यादी आता पुढे अद्ययावत होणार नाही. जुना भाग संग्रहात राहिला, म्हणजे काही पुसलं गेलं नाही. फक्त पुढची ओळ विणायची थांबली. मला वाटतं, नोंदी बहुतेक वेळा अशाच संपतात. कोणी जाळत नाही, कोणी डिलीट करत नाही. एक दिवस बघायचं राहतं, मग दुसरा.

म्हणून त्या लोकरीच्या ३६५ ओळी मला महत्त्वाच्या वाटतात. डेटा २२८ बाइट्सच, पण एका माणसाने ३६५ वेळा आकडा वाचला, तक्ता पाहिला, रंग निवडला, टाके घातले. डाउनलोड केलेली फाइल आपण उघडूनही बघत नाही. विणणारीला मात्र विचारा, केशरी गुंडा कुठल्या महिन्यात संपला. ती तारखेसकट सांगेल.