मुकं वाटणारं यंत्र

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही. माझ्या इंदूरच्या घरात जिन्याखाली ठेवलेला एक संगणक आहे. पण गोष्ट इतिहासाचीच आहे.

मी सिग्नल्समधला माणूस. निवृत्तीनंतर आमच्या युनिटच्या जुन्या जवानांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. त्यातले काही जण आता हयात नाहीत. या मुद्रणांसाठी एक जुना सर्व्हर घेतला. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. अशा यंत्राला 'हेडलेस' म्हणतात. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरायचं आणि आज्ञा टाइप करायच्या. त्या लिनक्स सर्व्हरवर केव्हीएमच्या साहाय्याने मी एक व्हर्च्युअल मशीन उभारलं, म्हणजे यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने रचलेलं दुसरं यंत्र. सगळी मुद्रणं त्याच्या डिस्कवर ठेवली.

एका रात्री वीज गेली. सकाळी सर्व्हर चालू झाला, पण आतलं यंत्र उत्तर देईना. 'व्हर्श' या आज्ञेने यादी मागवली, तर ते 'रनिंग' दिसत होतं. मग त्याचं कन्सोल उघडलं. 'जोडणी झाली' एवढं आलं आणि पुढे नुसता काळोख. एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. एक अक्षर नाही.

भाचा म्हणाला, "मामा, हे गेलं. पुसून नव्याने टाकू." मीही 'हो' म्हणणार होतो. बॅकअप अर्धवट होता, आणि तो दोष माझाच. पुसलं असतं तर काही आवाज कायमचे गेले असते.

तेवढ्यात मला नोकरीतली एक रात्र आठवली. पुढची एक चौकी रेडिओवर बोलेना. मी ती 'बंद' असल्याचं कळवून मोकळा झालो आणि माणसं अंधारात चालत पाठवली. चौकी ठणठणीत होती. ती रात्रभर बोलत होती, पण दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर.

म्हणून भाच्याला थांबवलं आणि यंत्राचा पत्ता होस्टकडेच विचारला. मिळाला! वीज आल्यावर डीएचसीपीने त्याला नवा पत्ता दिला होता आणि आम्ही जुन्या दारावर थापा मारत होतो. नव्या पत्त्यावर एसएसएच लागलं. मुद्रणं जागेवर होती.

मग कन्सोल का गप्प होतं? याचं उत्तर इतिहासात आहे.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये आयबीएमचं वैज्ञानिक केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि सहकाऱ्यांनी 1964 पासून 'सीपी-40' ही प्रणाली रचली. जानेवारी 1967 मध्ये ती वापरात आली. यंत्र एकच, पण प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच आहे. हीच वाट पुढे 1972 च्या 'व्हीएम/370' पर्यंत गेली. लक्षात घ्या, त्या सुरुवातीच्या लोकांसमोर पडदा नव्हताच. टंकयंत्रासारखं टर्मिनल असे. यंत्राचं उत्तर कागदावर छापून येई. व्हर्च्युअल मशीन जन्मलं तेच पडद्याविना.

युनिक्सच्या पहिल्या दिवसांतही हेच. तिथे 'टेलिटाइप मॉडेल 33' होतं, सेकंदाला 10 अक्षरं छापणारं. टेलिटाइपचं संक्षिप्त रूप झालं 'टीटीवाय', आणि ते नाव लिनक्सपर्यंत टिकलं. मी तरुणपणी मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सच्या यंत्रांची खडखड ऐकली आहे. ती यंत्रं भंगारात गेली, पण त्यांच्या जातीचं नाव माझ्या सर्व्हरमध्ये राहिलं.

घरगुती संगणकांच्या चिपवर ही करामत अवघड होती. 1999 मध्ये व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या युक्तीने ती साधली. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने चिपमध्येच सोय दिली, आणि 2007 मध्ये केव्हीएम लिनक्सच्या 2.6.20 आवृत्तीत आलं. तोवर सगळ्यांना पडद्याची सवय लागली होती.

माझी चूक तिथेच होती. माझ्या व्हर्च्युअल मशीनचं कर्नल नसलेल्या पडद्याशी बोलत होतं आणि कन्सोलची आज्ञा सीरियल तारेला कान लावून बसली होती. आत शिरून ग्रबच्या सेटिंगमध्ये 'कन्सोल' म्हणून 'टीटीवायएस०', म्हणजे पहिली सीरियल तार, लिहिली. ग्रब अद्ययावत केलं, यंत्र पुन्हा सुरू केलं. काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी आल्या आणि शेवटी लॉगिनची विचारणा. पत्ताही कायमचा बांधून दिला. त्याच संध्याकाळी बॅकअप पूर्ण केला.

तुमच्यापैकी कोणी असं यंत्र उभारत असेल तर क्रम लक्षात ठेवा: चालू आहे का, पत्ता कोणता, कन्सोल कुठल्या तारेवर. पुसण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

आमच्या सिग्नल्सचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. हिंदीत चौकस म्हणजे सावध. आपल्या मराठीत चौकस म्हणजे विचारपूस करणारा. त्या रेडिओच्या रात्री मी विचारपूस केली नव्हती. या वेळी केली, म्हणून ते आवाज अजून आहेत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.