ताणलेला टायर : रुंदीआधी भार पाहा

न्हावा शेवा : उरण-पनवेल परिसरात रस्त्यावरून जाताना कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढणारी एखादी बुटकी, रुंद चाकांची मोटार हमखास लक्ष वेधून घेते. तिचे अलॉय चाक टायरपेक्षा रुंद असते आणि टायरची भिंत उभी राहण्याऐवजी आत कललेली दिसते. अरुंद टायर रुंद रिमवर ओढून बसवण्याच्या या प्रकाराला मोटारप्रेमींच्या भाषेत 'स्ट्रेच' म्हणतात. जपानमध्ये त्याला 'हिप्पारी', म्हणजे ओढलेला, असे नाव आहे. जर्मनी व ब्रिटनमधील हौशी मंडळींनीही तो बराच उचलून धरला. गाडी खाली बसवल्यावर मडगार्डच्या कडेला टायर घासू नये आणि चाक मडगार्डच्या रेषेत दिसावे, हा त्यामागचा हेतू.

१९८९ साली सुरू झालेल्या येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी माल देशभर जातो. त्यात अलॉय चाके व टायरही आले. मात्र विदेश व्यापार महासंचालनालयाने १२ जून २०२० रोजी मोटारींसह बहुतेक वाहनांच्या नव्या टायरची आयात 'मुक्त' वर्गातून काढून 'निर्बंधित' वर्गात टाकली. त्यामुळे आवडीचे अलॉय हाती आले तरी नेमक्या मापाचा टायर मिळेलच, असे नाही. अशा वेळी दुकानात जो टायर असेल तो ओढून बसवण्याचा मोह होतो. खरेदीपूर्वी पुढील बाबी ध्यानात घेतल्यास हा मोह आवरता येईल आणि गाडीची शोभाही राखता येईल.

टायरवरील अंक काय सांगतात?

'१८५/६५ आर १५ ८८ एच' हे एक नेहमीचे माप घेऊ. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचा ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे भारनिर्देशांक. त्याचा अर्थ एका टायरची कमाल भारक्षमता ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. ग्राहक बहुधा पहिले तीन अंक पाहतो आणि ८८ कडे त्याचे लक्षच जात नाही. स्ट्रेचच्या बाबतीत खरी गोम त्याच अंकात आहे.

रिमची रुंदी किती चालते?

प्रत्येक मापाच्या टायरसाठी किमान व कमाल रिम-रुंदी ठरलेली असते. युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटनेच्या प्रमाणांत आणि टायर कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती दिलेली असते. काही प्रचलित मापे अशी :

- १८५/६५ आर १५ : ५ ते ६.५ इंच
- १९५/५५ आर १६ : ५.५ ते ७ इंच
- २०५/५५ आर १६ : ५.५ ते ७.५ इंच
- २०५/४५ आर १७ : ६.५ ते ७.५ इंच
- २१५/४५ आर १७ : ७ ते ८ इंच
- २२५/४० आर १८ : ७.५ ते ९ इंच

या मर्यादेच्या वरच्या टोकाचा रिम घेतला की टायरची भिंत जवळपास सरळ उभी राहते आणि फुगवटा दिसत नाही. हा सौम्य ताण प्रमाणांत बसणारा आहे. मर्यादा ओलांडली की टायरची कड, जिला बीड म्हणतात, रिमवरील आपल्या बैठकीत नीट दाबून बसत नाही. भिंतीतील धागे कायम ताणलेले राहतात. खड्ड्यातला आघात टायरने झेलायचा असतो, तो थेट रिमवर जातो. वळणावर हवा थोडी कमी असली तर कड सुटून सारी हवा क्षणात निघून जाण्याचा धोका असतो. रिमची बाहेरची धार उघडी पडते, ती वेगळीच.

भारक्षमता कशी घटते?

समजा, गाडीचा मूळ टायर १८५/६५ आर १५ असून लोड इंडेक्स ८८ आहे. मालकाला १७ इंची अलॉय बसवायचे आहे. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पहिला पर्याय २०५/४५ आर १७ हा 'एक्सएल', म्हणजे अधिक भाराचा टायर ७.५ इंची रिमवर बसवण्याचा. त्याचा लोड इंडेक्स ८८, म्हणजे मूळ टायरइतकाच, ५६० किलो. रिमची रुंदीही मर्यादेत आहे.

दुसरा पर्याय १९५/४० आर १७ हा टायर ८.५ इंची रिमवर ओढण्याचा. या मापाला ६.५ ते ७.५ इंचच रिम चालतो. म्हणजे रिम एक इंचाने जास्त रुंद झाला. याचा एक्सएल प्रकारातील लोड इंडेक्स ८१, म्हणजे ४६२ किलो. एका आसावरील दोन टायर मिळून १,१२० किलोऐवजी ९२४ किलो पेलतील. ही १९६ किलोंची घट तीन प्रौढ माणसांच्या वजनाइतकी आहे. शिवाय ४६२ हा आकडा टायर योग्य रिमवर असतानाचा आहे. मर्यादेबाहेरच्या रिमवर तो ग्राह्य धरता येत नाही.

एकटा चालक गाडी घेऊन फिरतो तोवर ही घट जाणवत नाही. पाच माणसे आणि सामान घेऊन भर उन्हात गाडी द्रुतगती मार्गाला लागली की टायरची भिंत तापते आणि तेव्हा ती जाणवते. एक्सएल टायरची पूर्ण क्षमता साधारण ४२ पीएसआय दाबाला मिळते, साध्या टायरची ३६ला. त्यामुळे मूळ टायरसाठी सांगितलेला हवेचा दाब नव्या मापाला तसाच चालवू नये. तो टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावा.

व्यास आणि ऑफसेट

भिंतीची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवला की टायरचा एकूण व्यास निघतो. मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिमी येतो. २०५/४५ आर १७ चा ६१६.३ मिमी, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. १९५/४० आर १७ चा मात्र ५८७.८ मिमी, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के कमी. गाडी सुमारे १७ मिमी खाली बसते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेचौऱ्याण्णवच्या आसपास असतो आणि किलोमीटरची नोंदही वाढीव होते. व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

रिमवरील 'ईटी' हा अंक ऑफसेट सांगतो. मूळ रिम ६ इंच व ईटी ४५ असेल आणि नवा ७.५ इंच व ईटी ३५ असेल, तर चाक बाहेरच्या बाजूने सुमारे २९ मिमी आणि आतल्या बाजूने ९ मिमी सरकते. बाहेर मडगार्डची कड आणि आत शॉकअॅब्सॉर्बर या दोहोंपासून किती जागा उरते, हे स्टीअरिंग पूर्ण वळवून तपासावे. बोल्टचा पीसीडी व मधले छिद्रही गाडीशी जुळलेच पाहिजे.

बसवतानाचा धोका

मर्यादेबाहेरचा टायर नुसत्या हवेने सहसा कडेला बसत नाही. मग ज्वलनशील स्प्रे मारून काडी लावण्याचा प्रकार केला जातो. हा स्फोटच असतो. त्यात टायर आतून जळतो आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. कड बसवताना ४० पीएसआयपेक्षा अधिक हवा भरू नये, असे टायर उत्पादक सांगतात. तेवढ्या दाबाला टायर बसत नसेल तर ते माप त्या रिमचे नव्हेच, असे समजावे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने दिलेले माप निवडणे हा म्हणूनच सर्वांत निर्धोक मार्ग होय. अलॉय बदलल्याची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उद्भवणार नाही.

येथील रस्ते

जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूने न्हावा शेवा शिवडीशी जोडले. सुमारे २२ किलोमीटरच्या या सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. कळंबोलीहून पुण्याकडे द्रुतगती मार्ग सुटतो. दुसरीकडे बंदराच्या रस्त्यांवर अवजड ट्रेलरांची सततची वर्दळ आणि पावसाळ्यातले खड्डे. एकाच दिवसात गाडीला सलग वेग आणि खड्ड्यांचे आघात या दोन्हींना तोंड द्यावे लागते. ताणलेल्या टायरला नेमके हेच दोन प्रसंग सोसत नाहीत.

खरेदीपूर्वी तपासा

१. रिमची रुंदी टायरच्या अनुज्ञेय मर्यादेत आहे का?
२. लोड इंडेक्स व वेगाचे चिन्ह मूळ टायरइतके वा अधिक आहे का?
३. एकूण व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत आहे का?
४. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का?
५. निर्मितीची तारीख काय? चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात; '२४२३' म्हणजे २०२३चा २४वा आठवडा.
६. गाडी पूर्ण भरलेली असताना चाक कोठे घासते का?

पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर टायर कितीही देखणा वा स्वस्त असला तरी तो दुकानातच राहू द्यावा.