हात आणि चाक यांच्यामधली जागा : ढिल्या स्टिअरिंगचा इतिहास

श्रोतेहो, मागचं व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हाला गाठलं. घरात जुनी पद्मिनी आहे, स्टिअरिंगला फार प्ले आलाय, मेकॅनिक म्हणतो बॉक्स गेला, तर बदलून टाकू का? आम्ही म्हटलं, थांबा, घाई करू नका. पण का थांबायचं, हे उभ्याउभ्या सांगता येईना. म्हणून आजचा विषय हाच.

प्ले म्हणजे काय, ते आधी बघू. स्टिअरिंग हातात थोडं फिरतं, पण पुढची चाकं जागची हलत नाहीत. हातानं सांगितलं आणि चाकानं ऐकलं, यांच्यामधली ही रिकामी जागा. आता गंमत अशी, की ही जागा मुळात नव्हतीच. आपल्या बैलगाडीला दोन चाकं. कासरा ओढला, बैल वळला, गाडी वळली. चार चाकांची बग्गी आली तेव्हा पुढचा अख्खा आखच मधल्या खिळ्याभोवती फिरवत असत. वळणावर गाडी कलंडायची भीती होती, पण सांधा एकच.

पहिला मोठा बदल घोडागाडीतच झाला. म्युनिकचा गाडी बांधणारा लांकेनस्पेर्गर यानं आख जागच्या जागी ठेवून दोन्ही टोकांची चाकंच वेगवेगळी वळवायची युक्ती काढली. 1818 साली लंडनमध्ये तिचं पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याच्या नावानं निघालं, आणि जगानं नाव लक्षात ठेवलं ते आकरमनचं! असो. वळणावर आतल्या चाकानं जास्त वळायचं, बाहेरच्यानं कमी, हे या रचनेनं साधलं. पण त्यासाठी दांडे आले, आणि दांड्यांच्या टोकांना सांधे आले. सांधा आला की झीज आलीच.

कार्ल बेंझची 1886 ची गाडी तीन चाकी होती, पुढे एकच चाक. दोन चाकं नीट वळवायचा प्रश्न त्याला तेव्हा सुटलेला नव्हता. त्याचं पेटंट त्यानं 1893 मध्ये घेतलं. हातात असायचा तो नुसता दांडा. रस्त्यावरच्या दगडाचा दणका थेट मनगटात. 1894 च्या पॅरिस–रुआं शर्यतीत आल्फ्रेद वाशरों यानं आपल्या पानारला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं. मग चाकाखाली गिअर आला. वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, आणि त्यात अडकणारा दात किंवा रोलर. हात वर्मला सहज फिरवतो, पण रस्त्याचा धक्का उलट वर चढताना अडतो. चालकाचे हात वाचले.

याची किंमत काय पडली? समजा, स्टिअरिंग 16 अंश फिरवल्यावर पुढचं चाक 1 अंश वळतं. जुन्या गाड्यांत साधारण असंच प्रमाण असायचं. आता खाली चाकाजवळच्या एका सांध्यात 1 मिलिमीटर ढिलाई आहे. तिथला आर्म 12 सेंटीमीटर धरला, तर चाकाचा जवळजवळ अर्धा अंश वाया गेला. वर हातात तोच 8 अंश होऊन येतो. म्हणजे जो गिअर हाताचं काम हलकं करतो, तोच खालचा बारीक दोष मोठा करून दाखवतो. आणि माणूस दोष देतो कुणाला? हाताच्या जवळ जे आहे त्याला. बॉक्सला.

आता पद्मिनी. 1944 साली वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट 1100. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. अँबेसेडरला रॅक, म्हणजे सरळ दातेरी पट्टी होती, सांधे कमी. पद्मिनीला मात्र वर्मचा बॉक्स, तीन दांडे, त्यांची सहा टोकं, डावीकडे आयडलर आर्म आणि चाकांना किंगपिन. बॉक्स उजवीकडे. म्हणजे उजव्या चाकाला निरोप लवकर पोचतो, डाव्या चाकाला मधला दांडा आणि आयडलर पार करून.

बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले कमी होतो. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. आम्हीही झालो होतो. 1994 साली एका गॅरेजात आमच्या गाडीचा स्क्रू असाच आवळून घेतला आणि आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरत होतो. वळण संपलं, हात सैल केला, की स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं ना? ते वळलेलंच राहिलं. गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसली म्हणून आज व्याख्यान देतोय. वळण उलट असतं तर दरीच होती.

झालं काय होतं? गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच जाते, म्हणून वर्म झिजतो तो मध्यावर. कडेचे आटे नव्यासारखे असतात. मध्यावरची झीज भरून काढायला स्क्रू आवळला, की कडेला बॉक्स जाम होतो. आणि आमच्या गाडीत तर मूळ दोष बॉक्समध्ये नव्हताच.

तो सापडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी जमिनीवर, चाकं सरळ. आमच्यातल्या एकाला स्टिअरिंगवर बसवलं आणि डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहा म्हणाले. स्वतः खाली सरकले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. एका बाजूचा दांडा हलतोय, दुसऱ्या बाजूचा थांबलाय, असं जिथं हाताला लागेल तिथं चोर. उजवं चाक लगेच ऐकत होतं, डावं उशिरा. आयडलरचं बुश संपलं होतं. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. खटखट आली. ब्रेक दाबायला सांगितला, तरी खटखट तशीच. ब्रेक दाबल्यावर थांबली असती तर बेअरिंग. न थांबता राहिली म्हणजे किंगपिन. बुश आणि किंगपिन बदलले, बॉक्सचा स्क्रू परत मागे घेतला. उरला तो थोडासा प्ले, आणि तो असू द्या म्हणाले.

किती असू द्यायचा, याला कायद्यातही उत्तर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 म्हणतो, स्टिअरिंगला 30 अंशांपेक्षा जास्त प्ले नको. घड्याळात पाच मिनिटांचं अंतर. 40 सेंटीमीटरच्या चाकाच्या कडेला 10 सेंटीमीटरहून थोडं जास्त. आमच्या मते हे फार उदार आहे, घाटात तर फारच. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय, की सांध्यांच्या बॉलजॉइंटवर रबरी टोप्या हव्यात. नियम लिहिणाऱ्याला दोष कुठे राहतो ते ठाऊक होतं. टोपी फाटली की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्यासोबत रोज किंगपिन बदलणारे हातही पांगले. खाजगी गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांना आता भेटतात ते पॉवर स्टिअरिंगवर शिकलेले मेकॅनिक. त्यांचा दोष नाही.

तर त्या गृहस्थांना सांगणं एवढंच: बॉक्स मागवू नका. रविवारी घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवा, आणि तुम्ही खाली वाका. काय सापडलं ते पुढच्या वेळी येऊन सांगा. पुढच्या वेळी विषय आहे ड्रम ब्रेकचा.