निरंतर शिक्षण, मानसिक आरोग्यसेवक व समाजकार्यकर्ते यांचे

मूळ व्यावसायिक शिक्षण पूर्ण करून सेवेत दाखल झालेले मनोविकारतज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समुपदेशक व समाजकार्यकर्ते यांच्या ज्ञानात भर पडावी व जुन्या कौशल्यांची उजळणी व्हावी, या हेतूने योजलेल्या शिक्षणास निरंतर शिक्षण असे म्हणतात. कृतिसत्रे, शिबिरे, उजळणी वर्ग, प्रकरणचर्चा आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील काम हे त्याचे प्रमुख प्रकार होत. शहरांत हे शिक्षण पदवीधरांपुरते असते. बीडसारख्या ग्रामीण जिल्ह्यात मात्र संज्ञेची व्याप्ती वाढवावी लागते. कारण तेथे मानसिक क्लेशात सापडलेल्या व्यक्तीची पहिली गाठ तज्ञाशी न पडता आशा कार्यकर्ती, शिक्षक, पोलीस किंवा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता यांच्याशी पडते. म्हणून या शिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास हा रुग्णालयातील ज्ञान खेड्याच्या उंबरठ्यापर्यंत कसे पोहोचले आणि तेथे ते कितपत टिकले, याचा इतिहास होय.

प्रारंभ : भारतातील व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. नागपाडा नेबरहुड हाऊस या केंद्राचे काम पाहणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिच्या आश्रयाने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू झाले. मनोविकारतज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी एकाच मुलाचा व त्याच्या कुटुंबाचा एकत्रित विचार करावा, ही पद्धत तेथे रुजली. आजही प्रकरणचर्चा या नावाने जे शिक्षण चालते, त्याचे मूळ या पद्धतीत आहे. १९४० पासून संस्थेने द इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क हे नियतकालिक काढले आणि सेवेतील कार्यकर्त्यांना नवे विचार मिळण्याचे एक साधन उपलब्ध झाले. १९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले. मुंबईतील निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) यांनी या शिक्षणाचा विस्तार केला.

या काळात बीड जिल्हा प्रथम निझामाच्या हैदराबाद संस्थानात, १९४८ नंतर हैदराबाद राज्यात व १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. मुंबई-पुण्याच्या संस्थांचा त्याला फारसा उपयोग झाला नाही. महाराष्ट्राची ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. रुग्णाला तेथवर नेणे हे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि तेथून परतलेल्या रुग्णाची विचारपूस गावात कोणी करावी, याची काहीच व्यवस्था नव्हती.

विकेंद्रीकरणाचा विचार : भोर समितीने १९४६ च्या अहवालात मनोविकारतज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ते यांच्या प्रशिक्षणाची गरज सांगितली. त्यानंतर बंगलोर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था (१९५४) निघाली. १९७४ साली तिचे रूपांतर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत (निम्हान्स) झाले. केवळ तज्ञ घडवून खेड्यांची गरज भागणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. १९७० नंतरच्या दशकात बंगलोरजवळील सकलवारा व चंडीगढजवळील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व बहुउद्देशीय कर्मचारी यांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. तीव्र मनोविकार, अपस्मार व बुद्धिमांद्य ओळखणे, ठराविक औषधे देणे, पाठपुरावा करणे आणि आवश्यक तेव्हा रुग्णाला तज्ञाकडे पाठविणे, एवढी मर्यादित कामे हे कर्मचारी करू शकतात, असे त्यातून दिसले. याच अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याची जिल्हा पातळीवर चाचणी झाली व १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात क्रमाक्रमाने लागू झाला. अशा रीतीने प्रशिक्षण हे सेवेचे पूरक अंग न राहता सेवेचा पायाच बनले.

बीड व परिसरातील पूर्वपीठिका : मानसिक आरोग्याचा कार्यक्रम येण्यापूर्वीच या भागात लोकशिक्षणाचे काही महत्त्वाचे प्रयोग झाले होते. बीडच्या आष्टी व पाटोदा तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रकल्पातील ग्राम आरोग्य कार्यकर्त्या बहुधा निरक्षर वा अल्पशिक्षित होत्या. त्यांना एकदाच शिकवून गावी पाठविले नाही. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींच्या अडचणी ऐकत आणि त्यांतूनच पुढचा पाठ घेत. प्रशिक्षण हा एखादा प्रसंग नसून तो सतत चालणारा व्यवहार आहे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई हे अशा कार्याचे केंद्र ठरले. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे तज्ञसेवा व वैद्यकीय अध्यापन प्रथमच जिल्ह्यात आले. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली मानवलोक (मराठवाडा नवनिर्माण लोकायत) ही संस्था स्थापन केली. शेती, पाणी व ग्रामसंघटना यांबरोबरच शैला लोहिया यांच्या पुढाकाराने मनस्विनी महिला प्रकल्पाद्वारे परित्यक्ता व अत्याचारग्रस्त स्त्रियांना आधार देण्याचे काम तेथे सुरू झाले. संस्थेच्या समाजकार्य महाविद्यालयामुळे स्थानिक तरुणांना आपल्याच भागात राहून व्यावसायिक शिक्षण घेणे शक्य झाले. शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तुळजापूर येथे टाटा संस्थेनेही १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपले ग्रामीण केंद्र काढले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या साऱ्या यंत्रणेची परीक्षा घेतली. सु. आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली व अनेक गावांची वस्ती नव्याने वसवावी लागली. मदतीचा ओघ काही आठवड्यांत ओसरतो. शोक, निद्रानाश, भय व व्यसन यांचा प्रादुर्भाव मात्र दीर्घकाळ राहतो. अशा वेळी बाहेरून आलेल्या तज्ञांपेक्षा मागे राहणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याची तयारी अधिक मोलाची असते.

विशिष्ट क्षेत्रांतील प्रशिक्षण : याच सुमारास राज्यात दोन क्षेत्रांत निरंतर शिक्षणाला निश्चित आकार आला. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसू लागले व पुढे ही योजना राज्याच्या इतर जिल्ह्यांत गेली. हिंसाग्रस्त स्त्रीशी बोलताना तडजोडीचा आग्रह न धरता तिची सुरक्षितता प्रथम पाहणे, हा या कामाचा गाभा होय. दुसरे क्षेत्र व्यसनमुक्तीचे. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात १९८६ साली निघालेले मुक्तांगण हे केंद्र पुढे केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाचे प्रादेशिक साधन व प्रशिक्षण केंद्र झाले. व्यसनमुक्ती केंद्रांतील समुपदेशक, परिचारक व स्वतः व्यसनमुक्त झालेले कार्यकर्ते यांना ते प्रशिक्षण देते.

शेतकरी आत्महत्या व प्रेरणा प्रकल्प : २०१२ नंतरच्या सलग दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण वाढले. २०१५ मध्ये विभागात अशा १,१०० हून अधिक घटनांची नोंद झाली व त्यांत बीड जिल्हा अग्रभागी होता. त्याच वर्षी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांतील नैराश्याची लक्षणे प्रश्नावलीच्या साहाय्याने पाहावीत, सौम्य, मध्यम व तीव्र अशी वर्गवारी करावी आणि गरजेप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय वा जिल्हा रुग्णालय यांकडे पाठवावे, अशी त्याची रचना होती. १०४ या दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशनाची सोयही करण्यात आली. यासाठी आशांपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांचे प्रशिक्षण आवश्यक ठरले.

या कामातील मुख्य अडचण भाषेची होय. प्रशिक्षण पुस्तिकेत नैराश्य, चिंताविकार असे शब्द असतात. गावातील माणूस मात्र जीव लागत नाही, काळजात धडधडते, झोप उडाली, डोक्यात किडे वळवळतात असे सांगतो. किंवा बाहेरचे झाले म्हणून भगताकडे, देवस्थानी वा दर्ग्यात जातो. ही बोली समजून घेऊन तिच्याशी लक्षणांचा मेळ घालणे, हा कृतिसत्राचा खरा विषय असावयास हवा. आत्महत्येचा विचार मनात येतो काय, असे विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूतही कार्यकर्त्यांच्या मनातून काढावी लागते. आपुलकीने व स्पष्टपणे विचारलेला प्रश्न बहुधा माणसाला मोकळे करतो.

दुसरी अडचण स्थलांतराची. जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि वसंताच्या सुमारास परततात. मधल्या काळात गावात वृद्ध व मुले राहतात. या महिन्यांत केलेल्या घरोघरच्या पाहणीत नेमकी सर्वांत गरजू कुटुंबे गळतात व सुरू केलेला उपचार खंडित होतो. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कर्ज, वेदना, मजुरी बुडण्याचे भय व मानसिक क्लेश एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे त्यावरून दिसते. एवढ्या गुंतागुंतीला सामोऱ्या जाणाऱ्या कार्यकर्तीस केवळ लक्षणांची यादी पुरत नाही. तिला शासकीय योजना, कायदा व संदर्भसेवा यांचीही माहिती लागते.

परिणामकारकता : अशा प्रशिक्षणाने फरक पडतो, याचा पुरावा विदर्भातून मिळाला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत २०११ नंतर गोव्यातील संगाथ या संस्थेच्या सहभागाने विश्राम हा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच आरोग्य कार्यकर्ते व अल्पप्रशिक्षित समुपदेशक यांनी तज्ञांच्या देखरेखीखाली काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. या यशात वर्गातील शिकवणीइतकाच नंतरच्या नियमित देखरेखीचा वाटा होता. जामखेडच्या साप्ताहिक बैठकीचा धडाही हाच आहे.

वैधानिक चौकट : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अंमलात आला. सार्वजनिक रुग्णालयांतील व तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देणे त्याने शासनावर बंधनकारक केले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असेही त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा प्रयत्न सर्वसाधारणपणे गुन्हा राहिलेला नाही. त्यामुळे पोलिसांचेही पुनर्शिक्षण आवश्यक झाले आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना राज्य वैद्यक परिषदेचे, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेचे गुणांक मिळवावे लागतात. समाजकार्यकर्त्यांना अशी वैधानिक परिषद दीर्घकाळ नव्हती; मनोविकारविषयक समाजकार्यकर्त्यांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला. निम्हान्सच्या अंकीय प्रबोधिनीमुळे (२०१८) दूरस्थ प्रशिक्षण व १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस (१४४१६) या सेवेमुळे दूरध्वनीवरील समुपदेशन उपलब्ध झाले आहे.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ लोकसंख्या व अकरा तालुके असलेल्या या जिल्ह्यात केवळ तज्ञांच्या बळावर सेवा पुरविणे शक्य नाही. निरंतर शिक्षणाला पर्याय नाही, तो यामुळेच. परंतु गुणांकांसाठी घेतलेले एकदिवसीय कृतिसत्र व कार्यकर्त्याला प्रत्यक्ष कामात साथ देणारे शिक्षण यांत अंतर आहे. स्थलांतराच्या दिनमानाशी जुळवून घेणारे, लोकांच्या बोलीत चालणारे आणि अवघड प्रसंगी कोणाला विचारावे याची निश्चित सोय असणारे शिक्षणच टिकाऊ ठरते. इतरांचे दुःख रोज ऐकणाऱ्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मनावरील ताणाचा विचार मात्र बहुतेक अभ्यासक्रमांत अद्याप गौण आहे. आशा कार्यकर्तीला निश्चित वेतनाऐवजी मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो. एखाद्या खचलेल्या माणसाजवळ तासभर बसणे हे तिच्या कामात मोजले जाते किंवा नाही, यावरही पुढील प्रशिक्षणाची फलश्रुती अवलंबून राहील.