पानिपतची भूमी आणि आपण लखनौकर

लखनौस पाहुणे आले की आपण त्यांस बडा इमामबाडा दाखवितो आणि मग रेसिडेन्सीत नेतो. १८५७ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेल्या भिंती तेथे अद्याप तशाच उभ्या आहेत. जेत्या इंग्रजांनी आपल्या मृतांसाठी ती जागा राखली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या पुरातत्त्व खात्याने इतिहासासाठी ती जपली. त्या आवारात हिंडताना मराठी मनात प्रश्न उभा राहतो: मग आपल्या पानिपतचे काय?

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ व विश्वासराव यांच्यासह मराठ्यांची एक पिढीच तेथे कामी आली. विजयी अब्दाली लवकरच स्वदेशी परतला, पराभूत मराठे दूर दक्षिणेत. त्या भूमीस वाली उरला नाही. रणांगणावर नांगर फिरले, पुढे वस्ती वाढली. स्मृतिस्थळ म्हणून उरला तो 'काळा आंब'. १९८१ साली हरियाणाच्या राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली पानिपतच्या लढायांचे स्मारक उभारण्यासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा कोठे त्या जागेस रूप आले.

या रणभूमीशी अवधचे नाते विलक्षण आहे. नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला. परंतु विश्वासरावांच्या देहाची विटंबना टळून त्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाले, ते त्याच्याच रदबदलीने. त्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने डोळ्यांनी पाहिलेले युद्ध १७८० साली फारसीत लिहून ठेवले. परमुलखात चाकरी करणाऱ्या एका मराठी माणसाने आपले ऋण लेखणीने फेडले!

आपण ते कसे फेडणार? मार्ग लोकमान्यांनी दाखविला आहे. रायगडावरील शिवसमाधीसाठी इंग्रज सरकार वर्षाकाठी अवघे पाच रुपये देत असे. १८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून हाक दिली आणि सामान्य जनांनी यथाशक्ती वर्गणी धाडली. जीर्णोद्धारास पुढे कित्येक वर्षे लागली. पण समाधी ही सरकारची नव्हे, आपली जबाबदारी आहे, ही भावना त्या लहान लहान वर्गण्यांनीच रुजविली.

पानिपत येथे स्मारक उभारण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने २०२५ साली केली. ती स्वागतार्हच आहे. परंतु शासनाचा पैसा इमारत उभारतो. जमिनीविषयीची आस्था लोकांच्या पैशातूनच निर्माण होते. हरियाणातील रोड मराठा बांधव दरवर्षी १४ जानेवारीस काळ्या आंबापाशी जमून वीरांस वंदन करतात. पुण्याहून पानिपत जितके दूर, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आपण राहतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त एक नम्र सूचना. दर संक्रांतीस तिळगूळ वाटताना प्रत्येक घराने यथाशक्ती रक्कम पानिपतच्या नावे बाजूला काढावी. मंडळाने तिचा स्वतंत्र हिशेब ठेवावा आणि त्या भूमीच्या जतनासाठी ती योग्य हाती पोहोचवावी. रक्कम लहान असेल. परंतु आपल्या मुलांना ती कशासाठी, हे सांगावे लागेल. इतिहास जपण्याची सुरुवात तेथूनच होते.