रक्तवाहिनीची भिंत आणि सेप्सिस : एका शोधाचा इतिहास

दाह झालेल्या जागी रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतील भिंतीला चिकटतात व तिच्यातून बाहेर पडतात, हे ज्युलियस कोनहाइम यांनी १८६७ साली जिवंत बेडकाच्या आतड्याजवळील पातळ पडद्यावर दाखविले. (वॉलर यांनी १८४६ मध्येच बेडकाच्या जिभेत हे पाहिले होते, श्रेय मात्र कोनहाइम यांच्या वाट्याला आले.) मूळ बदल भिंतीत घडतो, असे कोनहाइम यांचे मत होते. पण पेशींना धरून ठेवणारा पदार्थ कोणता, याचे उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

१९८६ मध्ये आयकॅम-१ या आसंजन रेणूची ओळख पटली. १९८७ मध्ये बेव्हिलाक्वा व सहकाऱ्यांनी दाखविले की, टीएनएफ व इंटरल्युकिन-१ हे दाहसंकेत मिळताच भिंतीच्या पेशी काही तासांत एक नवा रेणू पृष्ठभागावर आणतात. त्यालाच पुढे ई-सिलेक्टिन हे नाव मिळाले. सिलेक्टिनमुळे पांढरी पेशी मंदावून भिंतीवर घरंगळते. आयकॅम तिला घट्ट धरतो.

जखमेपुरती ही व्यवस्था उपकारक आहे. सेप्सिसमध्ये मात्र हाच संकेत सर्व शरीरभर जातो. भिंती झिरपू लागतात, रक्तदाब घसरतो, फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. १९९० च्या दशकात अशा रुग्णांच्या रक्तात सुट्या झालेल्या ई-सिलेक्टिनचे प्रमाण वाढलेले आढळले. हे रेणू अन्य दाहविकारांतही वाढतात. त्यामुळे मोजणे सोपे, अर्थ लावणे कठीण.

मग संकेतच रोखला तर? १९८७ च्या प्रयोगात टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी बबून माकडे वाचली. परंतु औषध जंतू टोचण्याच्या आधी दिले होते, आणि रुग्ण तर आजार जडल्यावरच येतो! टीएनएफला बांधून ठेवणाऱ्या एका औषधाची सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांवर झालेली चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाविना ३० टक्के रुग्ण दगावले होते. सर्वाधिक मात्रा मिळालेल्या गटात हे प्रमाण ५३ टक्के निघाले.

याचा इशारा १९८० च्या दशकातच मिळाला होता, असे मला वाटते. काही बालकांच्या पांढऱ्या पेशींत आयकॅमला पकडणारे इंटिग्रिन जन्मतःच नसते. त्यांची नाळ उशिरा गळते, जखमेत पू होत नाही आणि जंतुसंसर्ग पुनःपुन्हा जिवावर बेततो. २०१६ च्या व्याख्येने सेप्सिसला संसर्गाला शरीराने दिलेला बिघडलेला, अवयव निकामी करणारा प्रतिसाद म्हटले. त्यातील नेमका कोणता भाग आणि कोणत्या तासाला आवरायचा, हा प्रश्न रुग्णाच्या खाटेशी अद्याप उभा आहे.