शकुंतला रेल्वे

शकुंतला रेल्वे : पश्चिम विदर्भातील अरुंदमापी (रुळांमधील अंतर ७६२ मिमी., म्हणजे अडीच फूट) शाखामार्गाचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. मुंबई–हावडा मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर (जि. अकोला) येथून त्याचे दोन फाटे निघतात. एक कारंजा व दारव्हामार्गे यवतमाळला जातो (११३ किमी.), दुसरा दर्यापूर व अंजनगाव सुर्जीमार्गे अचलपूरला (७६ किमी.). वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हा ३५ किमी.चा मार्ग मूळच्या त्याच कंपनीचा. सध्या या मार्गांवर नियमित गाडी नाही. ते रुंदमापी (१,६७६ मिमी.) करून प्रवासी व मालवाहतूक पुन्हा सुरू करावी, ही मागणी अनेक वर्षांची आहे.

उगम व मालकी : भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी जोडला गेला. यवतमाळ व अचलपूर मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिले आणि तिथला कापूस बैलगाड्यांनीच स्थानकापर्यंत येत राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे मार्ग बांधले. कंपनीचा कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीकडे होता. गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे होते, ते १९५१ मध्ये मध्य रेल्वेकडे आले. मार्गाचे मात्र राष्ट्रीयीकरण झाले नाही. रूळ खासगी कंपनीचे, गाडी सरकारी आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, अशी ही व्यवस्था पुढेही चालू राहिली. मिरज–लातूर मार्गाची अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारजमा झाल्याने तिच्या रुंदीकरणात मालकीचा अडसर आला नाही. शकुंतलेच्या बाबतीत तो वारंवार आला.

चालन : मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. मोजक्या डब्यांच्या या गाडीवर सातेक कर्मचारी असत आणि तिकीट देणे, सिग्नल देणे, इंजिन सोडणे-जोडणे ही कामे तेच करत. अनेक थांब्यांवर वेगळे कर्मचारी नव्हतेच. गाडीचा वेग ताशी २० किमी.च्या आसपास राही. भाडे एसटीच्या मानाने बरेच कमी असल्याने शेतमजूर, विद्यार्थी व बाजारहाटाला जाणारे लोक तिच्यावर अवलंबून होते.

मालवाहतुकीचा ऱ्हास : मार्ग कापसासाठी बांधला गेला, पण माल त्याला प्रवाशांच्या आधी सोडून गेला. कारण मापात होते. छोट्या वाघिणीतून आलेली गासडी मूर्तिजापूरला हमालांकरवी उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवावी लागे. त्यात मजुरी दोनदा, वेळही दोनदा आणि मालाच्या नासधुशीचा धोका वेगळा. ट्रकमुळे जिनिंग-प्रेसिंगच्या दारातून थेट गिरणीच्या किंवा बंदराच्या दारात माल जाऊ लागला. दुसरीकडे, रेल्वेने एकेक वाघीण भरून घेण्याची पद्धत मोडीत काढून संपूर्ण रेकवर (पूर्ण मालगाडीवर) भर दिला. झाकलेल्या ४२ वाघिणींच्या जुन्या पद्धतीच्या एका रेकमध्ये सुमारे अडीच हजार टन माल मावतो. सध्याची कापसाची गासडी १७० किलोची असते. एखाद्या जिनिंगच्या रोजच्या उत्पादनाने असा रेक भरत नाही.

प्रवासी सेवेचा ऱ्हास : पुलगाव–आर्वी सेवा आधी बंद पडली, नंतर यवतमाळ आणि अचलपूर शाखांवरील गाड्या थांबल्या. रूळ व पूल जुने झाले, दुरुस्ती नाही म्हणून वेग कमी आणि वेग कमी म्हणून प्रवासी कमी, असे चक्र त्यामागे होते. १९९२ पासून रेल्वेने सर्वत्र एकाच मापाचे धोरण स्वीकारले. त्यामुळे अरुंदमापी इंजिन-डब्यांचे सुटे भाग व त्यांचे कारागीर दोन्ही दुर्मीळ होत गेले.

रुंदीकरणाचा प्रस्ताव : शकुंतलेच्या रुंदीकरणासाठी २०१६ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्राकडून मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. रुंदीकरणात केवळ रूळ बदलून भागत नाही. जुने पूल जड इंजिनांचा भार पेलत नाहीत, तीव्र वळणे सरळ करावी लागतात आणि रस्त्यांच्या फाटकांजागी पूल बांधावे लागतात. जुनी जागा उपलब्ध असणे ही जमेची बाजू असली, तरी काम जवळजवळ नव्या मार्गाइतकेच असते.

तुलना : जलंब–खामगाव (१८७०) आणि बडनेरा–अमरावती हे फाटेही वऱ्हाडच्या कापसासाठीच झाले. ते लांबीला शकुंतलेपेक्षा कितीतरी लहान, पण रुंदमापी होते. ते आजही चालू आहेत आणि अमरावतीहून मुंबईला थेट गाडी सुटते. मिरज–लातूर हा बार्शी लाइटचा मार्ग रुंदमापी होताना उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहराला जोडून घेण्यासाठी त्याची आखणी बदलली गेली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच मार्गाने गेली. त्यातील ५० वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी नेई. अरुंद रुळांवर ही वाहतूक शक्य नव्हती.

भवितव्य : यवतमाळ आणि अचलपूर या दोन शाखांची स्थिती सारखी नाही. वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड हा नवा रुंदमापी मार्ग बांधला जात असून त्यातील वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो पुरा झाल्यावर यवतमाळला शकुंतलेवाचूनही रेल्वे मिळेल. तेव्हा मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाचे महत्त्व दोन मोठ्या मार्गांना सांधणारा दुवा म्हणून उरेल. अकोल्याकडून येणारी मालगाडी वर्ध्याचा वळसा न घेता यवतमाळकडे जाऊ शकेल.

अचलपूर शाखा मात्र टोकाची आहे. उत्तरेस सातपुडा व मेळघाटचे जंगल असल्याने तिला पुढे नेणे अवघड. तिथे पलीकडून येणाऱ्या मालाचा आधार नाही, तेव्हा मालाचे गणित स्थानिक उत्पादनावरच बसवावे लागेल. बाहेर जाणारी संत्री, केळी, गासड्या व सोयापेंड, आत येणारे खत, सिमेंट व धान्य असा दोन्ही बाजूंचा माल एका मालधक्क्यावर गोळा झाला तरच रेक भरतात. संत्र्यासारख्या नाशवंत मालाला त्यापेक्षा लहान खेप आणि ठरलेली वेळ लागते. प्रवाशांसाठी सुटसुटीत मेमू गाडी पुरेशी आहे, पण तिला मूर्तिजापूरला मुख्य मार्गावरील गाड्यांचा मेळ हवा. शक्यतो ती अकोला किंवा अमरावतीपर्यंत थेट जायला हवी. मूर्तिजापूरला उतरून पुन्हा गाडी बदलावी लागली, तर ज्या अडचणीने कापूस ट्रककडे गेला त्याच अडचणीने प्रवासी एसटीतच राहील.